दादांच्या टाचा

शनिवार, १२ ऑगस्ट १९७२

संध्याकाळी तात्या आले. मंगळवारी, पंधरा ऑगस्टला, त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून ताम्रपट मिळणार. बेचाळीसच्या चळवळीत काय केलं, ते माझ्याकडून लिहून हवं होतं. गावात मीच मास्तर.

ते सांगत गेले. इंग्रजांच्या खबऱ्यांना धरून तळपायांवर काठ्या मारल्या, म्हणाले. माझे वडील, दादा, उंबऱ्याशी बसून ऐकत होते. त्यांच्या टाचा अजून जमिनीला टेकत नाहीत. काका तेव्हा पलटणीत होता, ब्रह्मदेशात. तो जिवंत आहे का, हे विचारायला दादा कचेरीत खेपा घालत. तेवढ्यावरून ते खबरे ठरले. मारणारे तात्याच.

“दादांचंही लिहू?” मी विचारलं.

“मास्तर, तवा इचारत बसायला येळ कुटं हुता?”

दादा म्हणाले, “लिव्ह. चूक झाली म्हून लिव्ह, आन् खाली ह्याची सही घे.”

तात्या कागद न घेताच उठले. उद्या पुन्हा येतील. कागद हवा तर सही करतील.

दादा चवड्यांवर चालत आत गेले. त्या टाचा रोज बघूनही इतकी वर्षं मी तात्यांना वाकून नमस्कार करत आलो. का? उद्या करणार नाही.