दमलेली पाकोळी

दादा,
डाळजहून तुझ्या जयवंताचा नमस्कार.

भादवा लागला आणि थंड मुलखातनं पाकोळ्या आल्या, कात्रीसारख्या शेपटीची बारकी पाखरं. सांज झाली की आमच्या उसात झोपायला उतरत्यात. पुण्याच्या श्रेया मॅडम त्यांना जाळ्यात धरून, वजन करून, ती कुठनं कुठं जात्यात ते कळावं म्हणून पायात नंबरची कडी घालत्यात आणि सोडून देत्यात. मी मदतीला जाते. घरात बसवत न्हाय.

काल एक हातात आली, पिसागत हलकी. मी कडी उचलली तर मॅडम म्हणाल्या, "हिला नको, जयवंताताई. फार दमलीय. दमलेल्या पाखराला कडी घालायची नाही, तसंच सोडायचं."

मी तळहात उघडला, पण ती उडंना. तशीच बसून राह्यली. मी हात हलवला न्हाय. बऱ्याच वेळानं गेली.

ह्यांच्या आजारपणात मला धड झोप कशी ती न्हाय. त्यांना जाऊन वरीस व्हायच्या आत तू माहेरी शेळगावला रविवारी मला बघायला पाहुणे बोलावलेस. वहिनीनं नवी जोडवीसुद्धा आणून ठेवलीत. तू माझ्या भल्याचंच बघतोस, ठाऊक हाय मला.

हे पत्र काय मी धाडायची न्हाय. सांजंला तुझा फोन येईल आणि मी नेहमीसारखं "बरं दादा" म्हणीन.

पण जोडवी आणायच्या आधी एकदा इचारायचं तरी हुतंस रं, "जयवंता, दमलीस का?"

तुझीच,
जयवंता