काजळीतली गोटी

हात कापत नाहीत माझे, बाबा. कोणी विचारलं नाही, तरी सांगते. सत्तरी उलटली म्हणून काय झालं, सुईत दोरा अजून मीच ओवते. आज नातीच्या हातावर फटका मारला, तो हात थरथरून चुकून बसला म्हणून नाही. तिला मात्र तसंच सांगितलं.

नात केमिस्ट्रीत पीएचडी करते. काय करतेस विचारलं की मोठमोठं बोलते, मला कंटाळा येतो. म्हणून आज ओट्यावर बशी मांडली तिने. बशीत दिव्याची काजळी, त्यावर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब सोडला आणि बशी हलवली. थेंब काजळीत लोळला, वरून काळा झाला, गोटीसारखा घरंगळायला लागला. फुटत नाही, ओलं करत नाही. "आजी, हीच माझी बाटली. एका थेंबात एक केमिकल, दुसऱ्यात दुसरं. दोन्ही एकत्र केले की आतल्या आत रिॲक्शन. एवढुशात काम, काचेची भांडी धुवायला नकोत." मी म्हटलं, "भांडी घासायचा कंटाळा, त्याला आता डिग्री देतात काय?" हसली. मग गोटी तळव्यावर घेतली, नीट बघायला तोंडाशी नेली, आणि माझा हात सुटला.

तुम्हाला नक्की आठवत असेल. मी सात वर्षांची, तुमचा डबा घेऊन मिलच्या गेटवर. तुम्ही बाहेर येत नाही, म्हणून दरवानाची नजर चुकवून रंगखात्यात शिरते. तुम्ही रंगाच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावता. ॲसिड किती पडलं ते जुने लोक असंच बघायचे, तुम्हीही. बॉयलरजवळ ॲसिडचा बुधला झिरपतोय. थेंब खालच्या काजळीत पडतायत आणि काळ्या गोट्या होऊन पळतायत. मी एक उचलते. कोरडी लागते, मऊ. तुमच्यासारखं चाखून बघायला जीभ बाहेर काढते.

तुमचा फटका बसला आणि गोटी तुमच्याच मनगटावर फुटली. कळवळलात, पण ओरडला नाहीत. "घरी बोललीस तर बघ." पोर आत आली हे कळलं असतं तर नोकरी गेली असती. वाफेने भाजलं, असं आईला सांगितलंत. आई मरेपर्यंत त्या वाफेला शिव्या घालत होती आणि मी गप्प. ॲसिड माझ्या तळव्यावर होतं, बाबा, आणि तळव्याला पत्ता नव्हता. ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

"अगं, नुसतं पाणी होतं!" नात हात चोळत म्हणाली.

"आज पाणी. उद्या?"

"उद्यापासून ॲसिड. ग्लोव्हज असतात गं. सर असतात."

तुमच्या खात्यातही जॉबर होता, कामगारांवर लक्ष ठेवायला.

तिला सांगायला हवं, कळतं मला. दोनदा तोंड उघडलं आणि चहा टाकू का विचारलं. तुम्ही आईशी खोटं बोललात, हे माझ्या तोंडून निघत नाही. उद्या तिच्याबरोबर लॅबपर्यंत जाणार आहे. आत सोडणार नाहीत, बाहेर बसेन. कशाला आलीस म्हणाली, तर दादरला भाजी घ्यायचीय म्हणेन. भाजी खाली गाडीवर मिळते, तिलाही माहीत आहे.

भीती वाटते मला. तेव्हापेक्षा जास्त. हा कागद तिच्या हाती लागायच्या आत फाडून टाकणार आहे. पुढचं विचारू नका, मी सांगणार नाही.