चोवीस इंचांवरचा दांडा

८ नोव्हेंबर, सकाळी सात

धाकट्यास,

आशीर्वाद. इकडे सगळे बरे. वहिनीचा खोकला गेला. दुकानात काम भरपूर, माझी पाठ अधूनमधून कुरकुरते. तिकडेही सगळे बरे असतील, असं दरवेळी लिहितो. या वेळी लिहीत नाही.

प्रार्थना करून मग लिहायला बसलो. मन शांत झालं की शब्द कमी टोचतील, असं वाटलं होतं. तसं काही झालेलं दिसत नाही.

तुझा निरोप मिळाला. "दादा, फक्त कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा साइज सांग. भाषण नको." फोनवर सांगायला गेलो असतो, तर तू मध्येच ठेवून दिला असतास. म्हणून पत्र. साइज यात आहे, पण सुरुवातीला नाही. हवा असेल तर वाच.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कॉम्प्युटर जिथे ठेवायचा त्या जागेचा नकाशा हाताने काढून आणल्याशिवाय मी एक स्क्रू फिरवत नाही. लोक आधी कॅबिनेट पसंत करतात, काचेचं, दिव्यांचं, आणि टेबलापाशी मावत नाही म्हणून चार दिवसांनी परत घेऊन येतात. तूही नकाशा पाठवलास. चांगला काढलास. गावच्या शाळेत गुरुजींनी पट्टी धरायला शिकवलं, ते तुझ्या हातात अजून आहे.

टेबल खिडकीला लागून. टेबल आणि भिंत यांच्यात अकरा इंचांची पट्टी, तिथे कॅबिनेट. फरशी रोज पुसतात म्हणून खाली चार इंचांचा चाकांचा स्टँड. आणि भिंतीवर एक रेघ, तिच्यापुढे तुझ्या अक्षरात: "लोखंडी दांडा, जमिनीपासून २४ इंच, ३ इंच बाहेर. काढता येईल."

तो दांडा मी बसवला आहे.

आई न्हाणीघराच्या दारात पडली, त्यानंतर. तिला खाटेवर बसवलं, उठताना हात आपोआप कुठे जातो ते पाहिलं आणि खाटेलगतच्या भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. तू दारात उभा राहून म्हणाला होतास, "दादा, घराचा दवाखाना करतोस की काय?" डावीकडचा स्क्रू जरा तिरका गेला आहे. तेवढा नकाशात दाखवायचा राहिला तुझा.

तर आता खाट कुठे आहे?

तुला विचारलं नाही. आईला फोन केला. म्हणाली, "मी मजेत आहे रे. इथे छान गार वाटतं." तेवढ्यात पाण्याचा पंप सुरू झाला, अगदी तिच्या कानाशी.

"जेवलीस का?"

"काय?"

"जेवलीस का, म्हटलं!"

"ऐकू येत नाही रे. पंप थांबला की कर."

तुझ्या घरातला पंप जिन्याखालच्या खोलीत आहे. तिला खिडकी नाही. तिथे मोडक्या खुर्च्या असायच्या.

कॅबिनेटच्या मागे हवेसाठी किती जागा सोडू, आत तापणार तर नाही ना, हे तू दोनदा विचारलं आहेस. दुसऱ्यांदा वाचलं आणि कागद उलटा करून ठेवला.

तू म्हणशील, दोन खोल्यांच्या मालकाने बोलू नये. मागच्या वर्षी तू म्हणालास, "आईला सहा महिने तू ठेव, सहा महिने मी." मी म्हणालो, "मागच्या खोलीत खाट बसत नाही." त्यावर तू, "जगाच्या जागा मोजतोस, तुझीच तेवढी कमी पडते होय?" मी चिडून फोन ठेवला. चिडलो, कारण टेप माझ्या हातातच होता. खाट सहा फुटांची. भिंतीपासून दारापर्यंत सहा फूट पाच इंच. बसत होती. फक्त रॅक हलवावा लागला असता. आणि रॅकवर होतं काय? रिकामी कॅबिनेटं. रोज सकाळी मी त्याच रॅकसमोर डोळे मिटून बसतो.

हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. माझी चूक कबूल केली म्हणजे तुझी धुतली गेली, असं समजू नकोस. मी खोटं बोललो. पंपाशेजारी तिला तू झोपवलंस.

काल वहिनीने नकाशा पाहिला. म्हणाली, "हा तर आईंचा दांडा!" आणि मला न विचारता रॅक उतरवायला लागली. मी म्हटलं, "अगं, एवढी कॅबिनेटं ठेवायची कुठे?"

"डोक्यावर ठेवा," म्हणाली.

आता साइज. व्हिडिओ जोडायच्या तुझ्या कामाला मधला टॉवर, म्हणजे मध्यम मापाचं कॅबिनेट, पुरतो. उंची अठरा इंच, स्टँड धरून बावीस. दांड्याखाली दोन इंच राखून बसतो. तुला हवा आहे तो मोठा, काचेचा, साडेबावीस इंचांचा. स्टँडवर चढवला की साडेसव्वीस. तो दांडा काढल्याशिवाय बसत नाही. "दांडा काढला तर मोठं बसेल ना?" असं तू विचारलंस. दांडा ठेवून लहान बसेल का, हे एकदाही विचारलं नाहीस.

रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. आईचे कपडे, औषधं, चष्मा एका पिशवीत भरून ठेव. तिला अजून सांगितलेलं नाही. ती "कशाला रे" म्हणेल. ती नको म्हणाली तर ऐकेन. तू नको म्हणालास तर ऐकणार नाही. चहाचा घाट घालू नकोस.

दांड्याला हात लावू नकोस. स्क्रूड्रायव्हर मी आणतो. इथल्या भिंतीवर खूण करून ठेवली आहे, चोवीस इंचांवर. या वेळी स्क्रू सरळ जाईल असं बघतो.

दांडा निघाला की तुझी जागा मोकळी. खुशाल मोठं कॅबिनेट घे. जोडायला मात्र दुसरा कोणी बघ.

आईचा थोरला