तक्रार चालू ठेवली आहे

४ मार्च
पुन्हा गेला! कासव पोलीसचौकीत शिरलं आणि पडदा काळा. कोरा करकरीत कॉम्प्युटर, अजून खोक्याचा वास गेलेला नाही. मुलांसाठी लिहून संपवलेली माझी कादंबरी आत अडकलीये, शेवटचा हात फिरवत होते. प्रकाशकबाईंना महिनाअखेरीस हवी. 'नाही आली तर यंदा राहिलं हं,' असं त्या फार गोडीत म्हणाल्या. पहिलंच पुस्तक – तेही साठी उलटल्यावर.

५ मार्च
कंपनीला फोन. 'बंद करून चालू करा.' केलं. 'आता पुन्हा एकदा करा.'

७ मार्च
ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला. पंख्याच्या कंपनीत जन्मभर तक्रारखिडकीवर बसलेला माणूस! आमचं लग्नही त्याच खिडकीतलं. बाबांचा पंखा दुरुस्तीला दिला होता, मी चार महिने खेटे घातले, शेवटी पंखा आणि नवरा दोन्ही घेऊन आले.

ह्यांनी फोन घेतला. वाटलं, आता उडणार धुरळा. कसलं काय! पलीकडची बाई टोलवतेय आणि हे खुशीत मान डोलावतायत. फोन ठेवून म्हणाले, 'काय सुरेख टाळलं! "वरिष्ठांकडे पाठवलंय" म्हणताना आवाजात किती माया!'

संध्याकाळच्या चहात मी साखर घातली नाही.

८ मार्च
बिनसाखरेचा चहा आणखी दोनदा पाजल्यावर गुपित बाहेर आलं. 'भांडणाऱ्याचं काही वाटत नाही गं. भांडतो, दमतो, जातो. पण रोज येऊन शांतपणे विचारपूस करणारं गिऱ्हाईक असलं, की घाम फुटायचा.'

अस्सं!

११ मार्च
कचेरी उघडली की माझा फोन. 'त्याच बाईंना द्या' म्हणते. आधी तिच्या गुडघ्याची चौकशी, मग माझ्या कॉम्प्युटरची. आज तीच म्हणाली, 'ताई, एवढं काय अडकलंय हो त्यात?' सांगितलं – सायकलच्या घंटा चोरणारं कासव. बिचाऱ्याला पळता येत नाही, दर वेळी सापडतं. ती हसली. 'मग?'

मग उद्या, म्हटलं.

१५ मार्च
कासव कोर्टात पोचलं. माझी तक्रार अजून वरिष्ठांकडेच.

२० मार्च
आज गोष्ट संपवली. शेवट ऐकून बाई नाक ओढत होती. मग हळूच म्हणाली, 'ताई, रागवू नका. बदलून द्यायची मंजुरी केव्हाच आलीये. तुमचं आतलं सगळं नव्यात घालून देतील. मीच दाबून ठेवली होती. तक्रार मिटली की तुमचा फोन बंद झाला असता ना.'

महिनाअखेर तोंडावर, माझा जीव टांगणीला, आणि ही बाई! पण खरं सांगायचं तर मनातून फार आवडलं. गोष्टीसाठी कोणी अडून बसलं होतं.

२३ मार्च
नवा कॉम्प्युटर आला. कासव सुखरूप! लगेच प्रकाशकबाईंना पाठवून दिलं.

संध्याकाळी ह्यांना त्या बाईचा पराक्रम सांगितला. वाटलं, पोट धरून हसतील. हे मात्र साखर विरघळली तरी चहा ढवळतच बसले.

२४ मार्च
सकाळी विचारलंच, बाबांच्या पंख्याला नेमकं झालं तरी काय होतं?

'एक तार सुटली होती,' म्हणाले. 'तू पहिल्यांदा चौकशीला आलीस ना, तेव्हा तो माझ्या टेबलाखाली होता. चालू. मला वारा घालत होता.'