रक्तातल्या रेघा

५ नोव्हेंबर १९७३
लोणावळ्याला उतरले तर डॉ. सबनीस स्वतः जीप घेऊन हजर. कार्ल्याच्या अलीकडे, भातखाचरांच्या वर त्यांचा बंगला. मला स्वतंत्र खोली. खिडकीतून कापणी दिसते. पुण्याच्या दवाखान्यात रक्त यंत्रात गरगर फिरवून माझे कान किटले होते. इथे रक्तातल्या पेशी आवाजाने वेगळ्या करतात, आणि तो आवाज माणसाला ऐकूही येत नाही! बारीक काचनळीत रक्त, खाली तो आवाज काढणारा स्फटिक. खटका दाबला आणि डोळ्यांदेखत तांबड्या पेशी एकाखाली एक रेघांत गोळा झाल्या. मधे पिवळसर, नितळ द्रव. खटका बंद केला, नळी हलवली की पुन्हा एकजीव. मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या.
काम सोपं आहे. नळ्या भरायच्या, आणि रोज सकाळी प्रयोगाचं मोठं घंगाळ, त्याच्याही तळाशी तसाच स्फटिक, पाण्यात हात घालून घासायचं. स्वयंपाकाला वाडीतल्या सारजाबाई येतात. त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

८ नोव्हेंबर
रक्ताचे नमुने घ्यायला वाडीवर गेले. कुणी बस म्हणालं नाही. बायकांनी पोरं आत ओढली. नवसू नावाचा माणूस मला त्याच्या घरात घेऊन गेला. त्याची बायको हिरी निजून होती. दंडापासून मनगटापर्यंत आडव्या तांबड्या रेघा, सारख्या अंतरावर; मधली कातडी पिवळी. दाबून पाहिलं. रेघा हलल्या नाहीत.
नवसू म्हणाला, “डाक्टरनं हिचा हात घंगाळात धरला. काय बी व्हनार न्हाई म्हनला. तुमी बी त्याचीच मानसं.”
नमुने न घेताच परतले. डॉक्टर म्हणाले, कातडीचा रोग आहे, या लोकांत असतो.

१० नोव्हेंबर
हिरी गेली. सारजाबाई आल्या नाहीत. फाटकाबाहेर वीसेक माणसं काठ्या टेकून उभी आहेत. स्टेशनला निघाले, तर वाट दिली नाही. एक म्हातारी माझ्या पायाशी थुंकली.
डॉक्टरांना विचारलं, खटका बंद केल्यावर हिरीच्या रेघा का मिटल्या नाहीत?
ते शांतपणे म्हणाले, “जिवंत रक्ताला सवय लागते.”

११ नोव्हेंबर
डॉक्टर मागच्या कच्च्या रस्त्याने पुण्याला गेले. त्यांची वही टेबलावरच होती. पहिलं नाव हिरीचं. दुसरं माझं. सहा तारखेपासून, रोज सकाळी दहा मिनिटं. म्हणजे मी घंगाळ घासत असताना खटका चालू — रोज —
बाही वर केली. सात रेघा.

१२ नोव्हेंबर
फाटकाशी जाऊन हात दाखवला. कुणी काठी उचलली नाही. नवसूने कडी काढली. सारजाबाईंनी घरात घेतलं, पेज भरवली. आधी बोलले न्हाई, चुकलं माजं, म्हणाल्या. चूक त्यांची नाही.

१३
खांद्यापर्यंत. उजवी बोटं गार. डाव्या हाताने —
डॉक्टरांच्या वहीत शेवटच्या पानावर एक नवं नाव होतं. पुण्याची मुलगी. आजच्याच गाडीने —
नवसूभाऊ निघालेत स्टेशनवर. त्यांना वाचता येत नाही, हेच पान फाडून देते, चिठ्ठी तिच्याच हातात द्यायची. बाई, जीपमध्ये बसू नका. डॉक्टर गोड बोलतील, तुम्ही त्या पाण्यात —