चिनू, तू मराठी कधी शिकलास?

प्रिय चिनू,

तू गेल्यानंतर तुझं एक नवीन गाणं तयार झालंय, आणि त्यात तू मराठी बोलतोस. चक्क मराठी! आज मम्मीला घेऊन मी तुझ्या दोस्ताच्या, लाडीच्या स्टुडिओत जाऊन आले. तिथं जे झालं ते तुझ्या कानावर घालायलाच हवं, कारण गाणं तुझ्या नावाचं आहे आणि तुला कुणी विचारलेलं नाही. म्हणून लिहायला बसले. आता 'दीदी, ये क्या लिखा है, हिंदी में बोल ना' म्हणून ओरडू नकोस. किंवा ओरडच. ओरडलास तर बरंच होईल.

पण आधी गाण्यांच्या बातम्या. तुला भूक लागलेली असली तरी आधी त्याच लागायच्या.

दर शुक्रवारी मोहालीला ऑफिसला जाताना नवीन गाणी मी एकटीच ऐकते. शेजारच्या सीटवर पाय वर घेऊन बसणारं कुणी नाही, त्यामुळे भांडायची सोय राहिलेली नाही. तुझा तो लाडका लुधियान्याचा रॅपर, त्याचा अल्बम आला. गाणी ढीगभर, ऐकण्यासारखी दोन. बासचा घुमारा असा फुगवलाय की सेक्टर सतराच्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीची काच थरथरते, पण बंदा काय बोलतोय ते कळेल तर शपथ. आणि गाणी केवढी, तर दोन मिनिटांची. धृपदासारखं हुक, एक कडवं, परत हुक, खेळ खलास. तू असतास तर म्हणाला असतास की जमाना बदल गया दीदी. मग आपण फेज सातच्या सिग्नलपर्यंत भांडलो असतो.

हल्लीच्या प्रोड्युसरांना झालंय तरी काय रे? एकाच महिन्यात तीन वेगवेगळ्या गाण्यांत मी तीच बासरी ऐकली. तिघांनी एकाच दुकानातून दही आणावं तसं. एक मुंबईची मुलगी मात्र तू ऐकायला हवी होतीस. साधा बीट, ढोलकीचा एक तुकडा उलटा फिरवलेला, आणि ऐन कडव्यात सगळं थांबवून चार मात्रा नुसती शांतता. आजकाल शांतता ठेवायची हिंमत आहे कुणात? ते ऐकताना मी सवयीनं तुझ्याकडं वळून बघितलं.

आणि मेलेल्यांची गाणी तर विचारूच नकोस. कुठल्यातरी जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा उचलायचा, त्याला दोन जिवंत रॅपर जोडायचे आणि 'शेवटची भेट' म्हणून विकायचं. तू म्हणायचास ना, 'मर गया बंदा, फिर भी शिफ्ट लगी हुई है.' तेव्हा मीही हसले होते. कुणाच्यातरी दुसऱ्याच्या घरातली गोष्ट होती ती.

मग एक दिवस लाडी घरी आला.

तुझ्या या मित्राला मी शिव्या देणार होते. पण तो मम्मीच्या पायाशी बसून असा हमसून रडला की सगळ्या गिळाव्या लागल्या. त्यानं तुझा जेवढा आवाज त्याच्याकडं होता तेवढा गोळा केला होता. अर्धवट टेक, व्हॉइस मेसेज, तुमची भांडणं, सगळं. ते कॉम्प्युटरला चारलं आणि तुझ्या अर्ध्या राहिलेल्या बीटवर तुझ्याच आवाजात नवीन शब्द बोलवून घेतले. आणि आंटीजींना सरप्राइज म्हणून मराठीत. शब्दही मशीनचेच.

त्यानं फोनवर गाणं लावलं. आधी बीट सुरू झाला. तो खराखुरा तुझा होता, स्नेअरचा ठोका तुझ्यासारखाच आळशी, किंचित उशिरा पडणारा. मग तू म्हणालास, 'आई.'

आवाज तुझाच रे! तेच सर्दी झाल्यासारखं नाक, वाक्याच्या शेवटी तसंच खाली उतरणं. पण 'आई'? जन्मात तू तिला मम्मीशिवाय हाक मारली नाहीस. मी साताऱ्याहून शाळकरी वयात इकडं आले, माझं मराठी टिकलं. तू इथंच जन्मलास. बाबा तर तुला आठवतही नव्हते. ती मराठीत विचारायची, तू हिंदीत उत्तर द्यायचास, आपलं घर असंच चालायचं. गणपतीला मराठी मंडळी जमली की तुला कुणी काही विचारू नये म्हणून ती तुला प्रसाद वाटायला लावायची, आठवतं? 'एकदा आई म्हण रे,' म्हणून किती मागं लागायची. तू म्हणायचास, 'मम्मी, अजीब लगता है.'

आणि आता तू आईच्या हातच्या पोळ्यांवर रॅप करत होतास. तुला ळ कधी आला? 'पोली' म्हणायचास तू. गाण्यात इतका स्वच्छ ळ होता की पुण्यातल्या शाळेतल्या बाईंनी पाठ थोपटली असती. 'आई'ला 'घाई' जोडलेलं, शाळेच्या गॅदरिंगसारखं. असलं यमक दुसऱ्या कुणी केलं असतं तर तू गाडीतून उतरून चालत गेला असतास. शेवटी मला 'ताई' म्हणालास. तेवढं मला गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

मला वाटलं, मम्मी फसणार नाही. सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात जन्म काढलेली नर्स, किती जणांच्या तोंडावर तिनं चादर ओढली असेल. पण तिनं गाणं परत लावायला सांगितलं. मग स्वतःच्या फोनवर घेतलं. मी म्हटलं, मम्मी, त्याला मराठी कुठं येत होतं? तर अगदी सहज म्हणाली, "तिकडं गेल्यावर शिकला असेल."

त्यानंतर घरात विचित्र सुरू झालं, चिनू. एका दुपारी मी खोलीत ऑफिसचं काम करत होते. स्वयंपाकघरातून बोलण्याचे आवाज आले. ती काहीतरी विचारत होती आणि एक पुरुष मराठीत उत्तर देत होता. आपल्या घरात मराठीत उत्तर देणारा पुरुष! मी दाराशी जाऊन उभी राहिले. कणकेच्या हातानं ती गाणं थांबवत होती, प्रश्न विचारत होती, परत चालू करत होती. थकलास का, असं काहीतरी ती विचारायची, आणि नेमकी तीच ओळ यायची ज्यात तू थकलोय म्हणतोस. फोनच्या काचेवर पिठाची बोटं उमटली होती. आणि ती खुशीत होती रे. तू गेल्यापासून तिला इतकी खुशीत मी पाहिलीच नव्हती.

हळूहळू तिनं तुझे जुने मेसेज ऐकायचे सोडले. ते खरे होते ना? 'मम्मी, खाना मत बनाना, बाहर खा के आऊँगा.' रोज सकाळी देवासमोर बसून ती तेच लावायची. मी विचारलं तर म्हणाली, त्यात तो धड बोलतो कुठं, नुसता घाईत असतो. तुझ्या खोलीत जाऊन बसायचीही बंद झाली. तुझ्या जागी कुणीतरी दुसरा येऊन बसत होता. तुझाच गळा घेऊन आलेला, शहाणा, आईचं ऐकणारा.

आणि मी? ऑफिसला जाताना तू मला 'दीदी' कसा म्हणायचास ते आठवायला गेले आणि कानात 'ताई' आलं. परत प्रयत्न केला, परत 'ताई'. तुझी खरी हाक येईचना. गाडी बाजूला घ्यावी लागली. इतकी भीती मला तू गेलास त्या दिवशीही वाटली नव्हती.

लाडीचं म्हणणं, येत्या शुक्रवारी गाणं रिलीज करू या, पण आंटीजी हो म्हणाल्या तरच. आणि आणखी काही बोलवून घ्यायचं असलं तर तेही करू, जे म्हणाल ते. मम्मी हो म्हणायच्याच बेतात होती. मी तिला काय सांगू? नको म्हणावं तर तिचा मुलगा दुसऱ्यांदा हिरावला गेला, तोही माझ्या हातून, असं झालं असतं. हो म्हणावं तर तू उरतच नव्हतास.

आज तिची सकाळची ड्यूटी संपल्यावर तिला घेऊन मी इंडस्ट्रियल एरियात गेले. स्टुडिओखालचा तो नटबोल्टचा कारखाना तसाच आहे. खालचं प्रेस मशीन धाडधाड चालतं आणि वर जिन्याचा कठडा हातात थरथरतो. जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबलं की तेवढ्यात तुम्ही रेकॉर्डिंग उरकायचात म्हणे. आजही लाडी त्या सुट्टीसाठीच थांबला होता. मशीन बंद झालं आणि एकदम कानात दडे बसल्यासारखं झालं. मम्मीच्या गळ्यात हॉस्पिटलचं कार्ड तसंच होतं. अंबाड्यावरून हेडफोन बसेनात, तेव्हा लाडीनं ते हळूच वाकवून बसवले. दुसरा जोड मला दिला. मग त्यानं विचारलं, आंटीजी, काय बोलवायचं?

मला वाटलं, वाढदिवसाचं काहीतरी सांगेल, नाहीतर नुसतं आई म्हणायला लावेल. तिनं गळ्यातलं कार्ड बाजूला सारलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "त्याला विचार, पोचला का?"

तू डोंगरात कसौलीला निघालास त्या दुपारी तिनं तुला किती फोन केले ते तुला माहीतच आहे. की नाही माहीत? परवाणूच्या पुढं घाटात बाईक रस्ता सोडून उतारावर गेली. पोलीस म्हणाले, झाडीत फोन वाजत होता म्हणून मुलगा सापडला. ती करत होती तेच फोन.

मी लाडीला हिंदीत सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण त्यानं प्रश्न तसाच टाइप केला. मशीननं थोडा वेळ घेतला. मग दोन्ही कानांत, अगदी जवळून, तू म्हणालास, 'हो आई, पोचलो. काळजी करू नकोस, मी सुखरूप आहे.'

चिनू, माझा विश्वास बसला. गाणीबिणी गेली खड्ड्यात, त्या क्षणी माझा पूर्ण विश्वास बसला. मी विचारणारच होते की तू आहेस कुठं.

मम्मीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "हा तो नाही," म्हणाली. लाडी माझ्याकडं बघायला लागला. ती माझ्याशीच बोलत राहिली. "पोचल्यावर त्यानं कधी म्हणून फोन केलाय का? मलाच करायला लागायचा. तीन-चारदा केल्यावर उचलायचा आणि वर माझ्यावरच डाफरायचा. एवढं गुणी नव्हतं माझं पोर."

मग लाडीच्या डोक्यावरून हात फिरवून तिच्या त्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "बेटा, इसको बंद करो. ये किसका लड़का है, मेरे को नहीं पता."

लाडीनं आमच्यासमोर सगळं पुसलं. तिनं स्वतःच्या फोनवरचंही माझ्याकडून काढायला लावलं. खाली मशीन सुरू झालं. जिना उतरताना तिनं माझा दंड धरला होता. गाडीत बसल्यावर ती जी रडायला लागली ती घर येईपर्यंत. तू गेलास तेव्हाही अशी रडली नव्हती. तेव्हा नुसती बसून होती. आज मला बरं वाटलं, वाईट वाटून बरं वाटलं.

पण एक गोष्ट तिला सांगितलेली नाही, तुलाच सांगते. ती पुढं गेल्यावर लाडीनं जिन्यात मला थांबवलं. मिक्स करायला म्हणून त्यानं गाणं बाहेर पाठवलं होतं, तुझ्या आवाजाच्या सगळ्या फायलींसकट. कुणा ओळखीच्याच्या ओळखीच्या प्रोड्युसरकडं. तो आता फोन उचलत नाही. म्हणजे इथून तुला पुसलं तरी कुठंतरी तू आहेस, नीट ळ म्हणणारा, कुणीही सांगेल ते बोलणारा.

म्हणून हे वचन घे. दर शुक्रवारी जे जे येईल ते सगळं मी ऐकणार आहे. भिकार बीट, चोरीची बासरी, दोन मिनिटांचा फुसका बार, काही सोडणार नाही. सापडलास तर ते गाणं नेटवरून काढायला लावल्याशिवाय गप्प बसणार नाही, मग कोर्टाची पायरी चढायला लागली तरी बेहत्तर. आणि गावाकडं सांगतात ना, ओळखीच्या आवाजात हाक आली तरी आधी माणूस कोण ते बघावं, लगेच ओ देऊ नये. कुठल्याशा गाण्यातून तू मला 'ताई' म्हणून हाक मारशील. कितीही गोड मारलीस, कितीही वेळा मारलीस, मी ओ देणार नाही.

तुझी,
दीदी