माझे खांब भंगारात जाणार नाहीत

मी, अनुजा जयवंत धुरी, वय वर्षे चोपन्न, व्यवसाय पोल डान्स शिकवणे, राहणार नायगाव, दादर पूर्व, मुंबई, हे माझे शेवटचे इच्छापत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाला न जुमानता, स्वतःच्या राजीखुशीने लिहून ठेवत आहे. टायपिस्टने व्यवसायापुढे 'नृत्यशिक्षिका' असे घातले होते. ते मी खोडायला लावले. आयुष्यभर जे केले तेच कागदावर आले पाहिजे.

मला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. डॉक्टर गोड बोलतात, पण मी काही कुक्कुलं बाळ नाही. मागच्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ दीपक मला बघायला आला. शहाळे आणले होते. ते टेबलावर ठेवता ठेवता म्हणाला, "ताई, तू गेलीस ना, की ते तुझे पाइप मी भंगारवाल्याला देणार. आणि आमची स्पृहा परत तिथे पाय ठेवणार नाही, सांगून ठेवतो." मी मरणार हे त्याने इतके सहज धरले, याचा मला राग नाही. माझ्या खांबांना पाइप म्हणाला, याचा आहे. म्हणून हे इच्छापत्र. याआधी मी असे दुसरे कोणतेही केलेले नाही.

कलम १. घर.

आमची नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली आईनंतर माझ्या नावावर झाली, कारण आईचे शेवटपर्यंत मी केले. दीपक तेव्हा लालबागला स्वतःच्या ब्लॉकमध्ये राहत होता आणि ना हरकत पत्रावर त्यानेच सही केली होती. त्या वेळी पुनर्विकासाचे कोणाला खरे वाटत नव्हते. आता खोलीच्या जागी टॉवरमध्ये सदनिका मिळाल्यावर त्याला आपले बालपण आठवू लागले आहे.

सदर सदनिका मी माझी भाची, दीपकची मुलगी, कु. स्पृहा हिला देत आहे. ती सज्ञान आहे. लग्न केले तरी घर तिचेच, नाही केले तरी तिचेच. दीपकने तिथे जरूर यावे, पण बेल वाजवून.

कलम २. खांब आणि वर्ग.

लोअर परळच्या गाळ्यातले माझे पाचही स्टीलचे खांब, आरसे, स्पीकर आणि वर्गाचे नाव मी स्पृहालाच देत आहे. गाळ्याचा करार तिच्या नावाने झालेला आहे. या इच्छापत्राची अंमलबजावणी माझी विद्यार्थिनी अॅड. पद्मजा करील. ती पाठदुखीसाठी आली होती आणि आता उलटी लटकून अशिलांचे फोन घेते.

इथे दीपकसाठी आणि ज्यांनी ज्यांनी नाक मुरडले त्या सर्वांसाठी एकदाच लिहून ठेवते. आमचे बाबा, कै. जयवंत धुरी, दिवसा गिरणीत आणि संध्याकाळी व्यायामशाळेत मल्लखांबाचे उस्ताद. त्यांनी दीपकला खांबावर चढवले आणि मला मल्लखांबाची टांगलेली दोरी दिली. मी खांब मागितला तर म्हणाले, "पोरींचं काम दोरीवर." दोरीवर मी दीपकपेक्षा चांगली होते, हे अख्ख्या चाळीला माहीत होते. तरी पुढे व्यायामशाळा त्याला मिळाली. मी लोअर परळच्या एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर झाले. तिथल्या जिममध्ये एक दिवस जमिनीपासून छतापर्यंत उभा खांब दिसला आणि त्याला हात लावायला मला कोणाची परवानगी लागली नाही. नोकरी सोडली ती त्यानंतर.

कपड्यांविषयी. स्टीलवर पकड कातडीची असते. मांडी, पोटरी, बगल, पोट उघडे असेल तरच माणूस वर टिकतो, लेगिंग घालून चढलात तर घसरून खाली याल. मल्लखांबावर मुलगा लंगोट लावून चढतो तेव्हा हीच माणसे टाळ्या वाजवतात आणि नारळ फोडतात. आई, कै. शेवंती, निदान तोंडावर बोलायची, "गो चेडवा, होया तितक्या चढ, पण आंगभर नेस तरी!" तिला मी मांडीवरचे काळेनिळे डाग दाखवले. त्यानंतर ती रोज शेकायला गरम पाणी द्यायची. बोलायची थांबली नाही, पण पाणी द्यायची.

स्पृहा माझ्याकडे स्वतःहून आली. ती नाचते तेव्हा मला माझा हेवा वाटतो, म्हणजे मी तिच्या वयाची असताना जी झाले नाही तिचा. तिचा व्हिडिओ दीपकने पाहिला आणि भरल्या वर्गात येऊन ओरडला, "खाली उतर! घरी चल, तमाशा पुरे झाला!" ती खांबाच्या टोकाला होती. तिने चालू असलेली मुद्रा पूर्ण केली, सावकाश उतरली, पाय पुसले आणि गेली. पुढच्या वर्गाला परत आली. वर्ग कोणाला द्यावा याचा मी त्यानंतर विचारच केला नाही.

कलम ३. पडण्याची गादी.

खांबाखाली अंथरायची जाड निळी गादी आमच्या गणेशोत्सव मंडळाचे सेक्रेटरी हेरंब यांना द्यावी. यांनी माझ्या मुलींचा कार्यक्रम पत्रिकेत छापला आणि आयत्या वेळी 'भाविकांच्या भावना' म्हणून काढून टाकला. नंतर माझाच व्हिडिओ डोळा मारणाऱ्या इमोजीसह चाळीच्या पुरुषांच्या ग्रुपवर यांच्याच नंबरवरून फिरला. हेरंब नगरसेवकपदाला उभे राहणार आहेत. पडताना उपयोगी येईल.

कलम ४. एरंडेलाची बाटली.

ही दीपकला द्यायची होती, पण विचार बदलला. फेकून द्यावी. का, ते सांगते.

खंडेनवमीला मी खांबांची पूजा करते. कारागीर हत्यारांची करतो तशीच. एका वर्षी दीपक आला. वर्गात त्याचे ते पहिलेच येणे. मी आत तयार होत होते. त्याने बाबांसारखे धोतर नेसले होते, बाबांचे फडके आणि एरंडेल आणले होते. मल्लखांबाला एरंडेल चोळतात. लाकडाला ते लागतेच, बाबा रोज चोळायचे. याने माझ्या मधल्या खांबाला वरपासून खालपर्यंत मनापासून तेल चोळले, हळदकुंकू लावले आणि हात जोडून उभा राहिला. मुलींना वाटले, घरची काही पद्धत असेल. मी बाहेर आले, नमस्कार केला आणि नेहमीसारखी उडी मारून वर गेले. उलटी झाले तेव्हा पकडायला काहीच नव्हते.

खांदा तीन ठिकाणी मोडला. शिकवणे चालू राहिले, पण स्टेजवर जाणे संपले.

ते मुद्दाम नव्हते. मला तेव्हाही माहीत होते आणि आजही आहे. ज्या माणसाने जन्मभर तेल पिणारे लाकूड हाताळले त्याला स्टील कळले नाही. विचारायला हवे होते, पण बहिणीला विचारायची आमच्या घरात रीत नव्हती. हे मी सोडून दिले असते. पण हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये तो आईला म्हणाला, "झालं ते बरंच झालं. आता तरी सुटेल." दार उघडे होते. ते वाक्य मी माफ केलेले नाही, करणारही नाही, आणि मेल्यावर माणसाचे सगळे विसरावे असे कोणी त्याला समजावू नये.

कलम ५. माझ्या उंच टाचांच्या स्टेजच्या चपला माझी भावजय प्रिती हिला द्याव्यात. तिने त्या एकदा दार लावून घालून पाहिल्या होत्या आणि बराच वेळ बाहेर आली नव्हती. दीपकला सांगू नका म्हणाली होती. नाइलाज आहे, इच्छापत्रात खरे लिहावे लागते.

कलम ६. माझी शोकसभा व्यायामशाळेत घेऊ नये. तिथे जिवंतपणी मला खांब मिळाला नाही.

कलम ७. दीपक.

माझा भाऊ दीपक जयवंत धुरी यास मी काहीही देत नाही. भांडेही नाही. हे विसरून राहिलेले नाही, ठरवून केलेले आहे.

शहाळ्याच्या दिवशी मी त्याला सांगितले होते की सगळे स्पृहाचे आहे. तो म्हणाला, "कोर्टात जाईन. गोळ्यांच्या गुंगीत होतीस, डोकं ठिकाणावर नव्हतं, असं सांगेन. बघू कोण ऐकत नाही." तो हे करील. स्पृहा वर्षानुवर्षे बापाविरुद्ध कोर्टात उभी राहील, खांब सीलबंद गाळ्यात पडून राहतील आणि तिचे नाचायचे वय निघून जाईल. मला मरणाची भीती वाटत नाही, याची वाटते. रात्रंदिवस वाटते.

म्हणून दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी मी त्यालाच बोलावले आहे. पद्मजा म्हणाली, "मॅडम, वेड लागलंय का? तो फाडून टाकेल." फाडू दे, आणखी एक प्रत आहे, आणि पद्मजाची आई बाहेर बसली आहे, ती सही करील. पण ज्याने आज माझ्यासमोर बसून सही केली, त्याला उद्या मी शुद्धीत नव्हते असे सांगता येणार नाही. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा कायदा नाही. मी मात्र त्याला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्याने वाचायला लावणार आहे.

दीपक, वाचतो आहेस ना? मी तुला विनंती करत नाही. तुझ्या मुलीच्या वाटेतून बाजूला हो, एवढेच सांगते. धाकटा आहेस, ऐक.

ठिकाण: मुंबई
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

सही: अनुजा जयवंत धुरी

वर नाव असलेल्या बाईंनी आम्हा दोघांसमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: डॉ. गौतम तांबे, परळ. रुग्णास आज तपासले.

साक्षीदार २: दीपक जयवंत धुरी, लालबाग.

(साक्षीदार २ च्या सहीखाली, पेनाने) यातला मजकूर मला मान्य नाही. बराचसा चढवून लिहिलेला आहे. सही ताईने माझ्यासमोर केली. तिचे डोके पूर्ण ठिकाणावर आहे, हे मी कुठेही सांगेन.